अन्न मानवते म्हणजे काय?



वैशाखातल्या संध्याकाळी, दुपारच्या आमरसाची सुस्ती अजून पुरती उतरली नाही अशा मंडळींपुढे आहारावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. तेव्हा प्रारंभीच एक अभय देऊन ठेवतो. मी कोणाच्या पानातला आंबा काढून घेणार नाही, आणि कोणाला नवा आहारही लावून देणार नाही. मला बोलावयाचे आहे ते आपल्या भाषेतल्या एका साध्या क्रियापदाविषयी. ते क्रियापद म्हणजे ‘मानवणे’.

परगावी शिकावयास गेलेल्या मुलाला आई फोनवर पहिला प्रश्न विचारते तो ‘तिकडचे जेवण मानवते ना?’ हा. ‘आवडते ना?’ असे ती विचारीत नाही. कारण आवडीचा निकाल जीभ एका घासात देते. ‘पचते ना?’ असेही विचारीत नाही. कारण पचनाचा निकाल पोट रात्रीपर्यंत देऊन मोकळे होते. मानवण्याचा निकाल मात्र सबंध शरीर देते, आणि तो द्यावयास त्याला महिने लागतात, कधी वर्षेही लागतात. जीभ, पोट आणि शरीर अशी ही तीन न्यायालये आहेत म्हणा ना. खालच्या दोन न्यायालयांचा निकाल वरच्या न्यायालयात कायम होईलच असा भरवसा नाही. आपल्याला कोणता आहार मानवतो हा प्रश्न अवघड झाला आहे तो ह्याचमुळे.

त्यात आज सल्ल्याचा सुकाळ झाला आहे. एक डॉक्टर सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये तोंड हलवू नका. आहारतज्ज्ञ बाई सांगतात, दर दोन तासांनी थोडे थोडे खा. कोणी म्हणतो भात सोडा, कोणी म्हणतो पोळी सोडा, तिसरा म्हणतो धान्यच सोडा. आणि हे सारे एकाच मोबाइलवर एकापाठोपाठ एक येऊन बोलून जातात. प्रत्येकाजवळ गुण आलेल्या माणसांचे दाखले असतात, व त्यांतले पुष्कळसे खरेही असतात. मग परस्परविरुद्ध सल्ल्यांनी दोघांनाही गुण यावा हे कसे? प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशातील मधुमेही माणसांची संख्या १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची १३ कोटी ६० लाख असावी असा अंदाज निघाला. ह्या उंबरठ्यावरच्या माणसांपैकी बहुतेकांना विचाराल तर ‘आमचे जेवण आम्हाला उत्तम मानवते’ असेच ती सांगतील.

आपल्या जुन्या वैद्यकाने ह्या प्रश्नाचा विचार केला होता व त्यासाठी त्याच्याजवळ ‘सात्म्य’ असा नेमका शब्द होता. नित्य सेवनाने जे अंगवळणी पडले त्याला ओकसात्म्य म्हणत. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारासंबंधी आठ गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत. पदार्थाचा स्वभाव कोणता, त्यावर संस्कार कोणते झाले, तो कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कोणत्या देशी, कोणत्या काळी, कोणत्या रीतीने, आणि शेवटी तो खाणारा कोण. म्हणजे ज्या पदार्थावरून आपण एवढे भांडतो तो स्वतः ह्या आठांतला एक. मला चरकाचा मोठेपणा दिसतो तो मात्र ह्याच अध्यायातल्या दुसऱ्या एका जागी. बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर ह्या देशांतली माणसे दुधाबरोबरही मीठ खातात असे तो सांगतो. त्यांना ते सवयीने सोसते. पण अति मिठाची सवय झालेल्यांना अकाली टक्कल पडते, केस पिकतात, सुरकुत्या येतात, म्हणून अशी अंगवळणी पडलेली गोष्टही क्रमाक्रमाने सोडावी, असे त्याचे म्हणणे. टकलाचे कारण आज आपण मिठात शोधणार नाही. परंतु ‘सवयीचे’ आणि ‘हिताचे’ ह्या दोहोंत त्याने काढलेली रेघ आजही जागच्या जागी आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचे, पापड, चटणी, फरसाण आणि वरून पानात वाढलेले मीठ अशी आपली चढती भाजणी लक्षात घेतली तर तो चमचा केव्हा ओलांडला जातो हे जिभेला कळतही नाही. पोटही तक्रार करीत नाही. तक्रार करतो तो रक्तदाब, आणि तोही मुक्यानेच.

सवयीचा प्रभाव किती असतो हे सांगावयास लांब जाणे नको. कोकणातला माणूस घाटावर आला की चार दिवस भाकरीने त्याचे पोट जड होते. घाटावरच्या माणसाला कोकणात भातावर जेवूनही जेवल्यासारखे वाटत नाही. दोघेही म्हणतात, आम्हाला हे मानवत नाही. महिनाभर राहिले की दोघांचेही ठीक चालते. आतड्यांतल्या सूक्ष्मजंतूंची वस्ती नव्या चोथ्याला सरावते, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात कडधान्ये ‘बाधतात’ म्हणून सोडून दिली त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण सगळेच सवयीवर ढकलता येत नाही. काही माणसांत जन्मजात भेद असतो, व त्याचे दूध हे उत्तम उदाहरण आहे. दुधात दुग्धशर्करा असते. तिचे तुकडे करणारे लॅक्टेज नावाचे विकर लहान आतड्यात तयार होते. तान्हेपणी ते प्रत्येकाजवळ भरपूर असते. पुढे जगातल्या सुमारे दोनतृतीयांश माणसांत ते ओसरत जाते, आणि उरलेल्यांत एका लहानशा आनुवंशिक फरकामुळे आयुष्यभर टिकते. भारतात ही टिकण्याची खूण वायव्येकडे अधिक व दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळते. आणि ती मुख्यतः युरोपातल्या लोकांत सापडते तीच आहे. म्हणजे पंजाबातला गडी पेला रिकामा करून मिशा पुसतो आणि त्याच पेल्याने आपल्याकडच्या एखाद्याच्या पोटात गुडगुडू लागते, ह्यात कोणाच्याही शक्तीचा वा मनाच्या निश्चयाचा संबंध नाही. न तुटलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जंतू ती आंबवतात, वायू धरतो, पाणी ओढले जाते, एवढेच घडते.

आता गंमत पाहा. ह्याच माणसाला दही चालते, ताक तर उत्तम चालते. विरजणातल्या जंतूंनी काही शर्करा आधीच खाऊन टाकलेली असते, आणि उरलेली तोडावयास ते आपले विकर बरोबर घेऊनच पोटात जातात. ताकात तर पाणी घालून ती आणखी विरळ केलेली असते. तुपात शर्करा जवळजवळ नसतेच. शिवाय विकर कमी म्हणजे अजिबात नाही असे नव्हे. एका कपभर दुधात सुमारे १२ ग्रॅम दुग्धशर्करा असते, आणि जेवणाबरोबर घेतले तर एवढे दूध अशांपैकी पुष्कळांना सोसते. म्हणून ‘मला दूध चालत नाही’ हे वाक्य अपुरे आहे. किती, कशाबरोबर, कोणत्या रूपात, हे पुढे जोडावयास हवे. म्हणजे चरकाच्या आठ प्रश्नांवर आपण परत आलोच. (लहान मुलाला दुधाने अंगावर गांधी उठत असतील वा धाप लागत असेल तर ती गोष्ट निराळी, ती ॲलर्जी होय, आणि तेथे प्रयोग करावयाचे नाहीत.)

गव्हाची कथा ह्याहून बोधप्रद आहे, कारण माणसाचे अनुमान कसे चुकते हे तीत दिसते. सीलिॲक नावाचा एक विकार आहे. त्यात गहू, जव वगैरे धान्यांतल्या ग्लूटेन ह्या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची नासाडी होते. मुले खंगत, पोटे नगाऱ्यासारखी होत, काही दगावत, आणि कारण कोणालाच ठाऊक नव्हते. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांना मुख्यतः केळ्यांवर ठेवले व ती सुधारली. झाले! केळ्याचा बोलबाला झाला. पण त्यांच्या पथ्यात पाव, बिस्किटे आणि धान्ये वर्ज्य होती, ह्या गोष्टीकडे कोणी पाहिले नाही. पुढे हॉलंडमध्ये विलेम डिके ह्या बालरोगतज्ज्ञाला पावाविषयी संशय होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन अमलाखाली त्या देशात भीषण दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले सुकत असताना त्याची ही आजारी मुले मात्र सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने आपल्या प्रबंधात हे सिद्ध करून मांडले. पंचवीस वर्षे श्रेय केळ्याकडे गेले होते. काम केले होते पानात नसलेल्या पावाने.

आपल्या भोवतालच्या दहा आहारपद्धतींपैकी नऊ पद्धतींत हेच चालते असे माझे मत आहे. मनुष्य एखादा रस प्यावयास लागतो किंवा एखादी बी खावयास लागतो, त्याच मुहूर्तावर बिस्किटे, फरसाण व चहातली साखर सोडतो, फिरावयास जातो, वेळेवर निजतो. आणि दोन महिन्यांनी चारचौघांत गुणगान करतो ते त्या बीचे.

सीलिॲक विकार उत्तर भारतात, जेथे गहू हेच मुख्य अन्न आहे तेथे, सुमारे शंभरात एकाला असावा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ह्यांत ग्लूटेन नाही, तेव्हा अशा माणसाला आपल्या मुलखात उपाशी राहण्याचे कारण नाही. मात्र संशय असेल तर पोळी सोडण्याच्या आधी तपासणी करून घ्यावी; गहू सोडल्यावर केलेली तपासणी फसवी ठरते. आणि ज्यांचे गव्हाने नुसते पोट फुगते त्यांपैकी बऱ्याच जणांचा वैरी ग्लूटेन नसून फ्रुक्टॅन नावाचा पिष्टवर्गातला पदार्थ असतो. तो कांद्यात आणि लसणातही असतो. पोळी टाकून कांद्याची भजी खाणाऱ्या पथ्यकरांचे पोट का उतरत नाही, ते ह्यावरून कळेल.

येथपर्यंत जे भेद सांगितले ते निदान बोलके आहेत. पोट ओरडून सांगते. न बोलणारे भेद अधिक वाईट. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यक नियतकालिकात स्वतःचेच एक जोडछायाचित्र छापले. दोघेही सडसडीत, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन ह्यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक ह्यांची २१.२ टक्के! दिसावयास बारीक, आतून लठ्ठ, असा हा आपला देशी बांधा. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २३ झाला की वजन जास्त धरावे, आणि पुरुषाची कंबर ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये, असे येथील तज्ज्ञांनी २००९ साली ठरविले. ‘मी काहीही खाल्ले तरी मला लागत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या सडपातळ गृहस्थांनी वजनकाट्यापेक्षा शिंप्याच्या फितीवर अधिक विश्वास ठेवावा.

दुसरे मुके प्रकरण ब-१२ जीवनसत्त्वाचे. ते वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस ह्यांतच मिळते. पुण्याच्या आसपास झालेल्या पाहण्यांत, विशेषतः शाकाहारी मध्यमवर्गात, त्याची कमतरता फार मोठ्या प्रमाणात आढळली. शाकाहार मानवत नाही असा ह्याचा अर्थ मी करीत नाही. तो शेकडो पिढ्यांनी चालवून दाखविला आहे. पण यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे तूट पडू लागली तरी कळत नाही. कळते तेव्हा पायांना मुंग्या येत असतात, थकवा असतो, विसराळूपणा वाढलेला असतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले. मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही तूट आणखी वाढते. उपाय स्वस्त आहे. रक्ताची एक तपासणी आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे गोळी. पोटाला विचारून हे कधीच समजले नसते.

मग एवढे भेद आहेत तर प्रत्येकाची प्रकृती तपासून त्याचा आहार ठरवून देता येणार नाही का? तसे प्रयत्न झाले आहेत. इस्राएलातील वाइझमन संस्थेने २०१५ साली ८०० माणसांच्या शरीरावर साखर सतत मोजणारे यंत्र आठवडाभर लावून पाहिले. तोच पदार्थ, तेवढाच खाऊन एकाची साखर चढे, दुसऱ्याची चढत नसे. कोणाला केळे चढले व बिस्किट चढले नाही, कोणाचे नेमके उलट. ह्यावरून पुष्कळ गाजावाजा झाला. परंतु पुढे अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, एकाच माणसाने तेच जेवण दुसऱ्या दिवशी घेतले तरी साखर बरीच निराळी येते. झोप, आदल्या दिवसाचे जेवण, चालणे, चिंता, सर्वांचा हात त्यात असतो. तेव्हा एका आकड्यावरून केळ्याला फाशी देऊ नये.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर ह्यांनी केलेला प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. वजन जास्त असलेल्या ६०९ माणसांपैकी निम्म्यांना स्निग्ध पदार्थ कमी करावयास सांगितले, निम्म्यांना पिष्टमय पदार्थ. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरीने ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो; म्हणजे फरक नगण्य. पण प्रत्येक गटात कोणाचे तीस किलोच्या जवळपास उतरले होते, तर कोणाचे उलट वाढले होते! कोणाला कोणता आहार लागू पडेल हे त्यांच्या आनुवंशिक घटकांवरून आधी सांगता येते का, हेही पाहिले होते. सांगता आले नाही. दोन्ही गटांना मात्र एक गोष्ट समान सांगितलेली होती. साखर व मैदा कमी करा, भाज्या वाढवा, शक्यतो घरी शिजवून खा. परस्परविरुद्ध सल्ल्यांनी दोघांना गुण का येतो, ह्या मघाच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे आहे.

‘घरी शिजवून खा’ म्हटले की एका गोष्टीचा उच्चार केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आहार मनुष्य एकटा पाळीत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने ‘मला आजपासून भाकरी मानवते’ असे जाहीर केले की सासूबाईंची मऊ पोळी, मुलांचा भात आणि ह्यांची भाकरी अशा तीन आघाड्यांवर एकाच बाईला लढावे लागते. आणि सर्वांची पाने उठल्यावर तिच्या वाट्याला जे उरते तो तिचा आहार! तिला काय मानवते हे तिला कोणी विचारलेले नसते. ज्या आहाराने घरातल्या एकाची साखर उतरते आणि दुसरीचे हिमोग्लोबिन उतरते तो त्या घराला मानवला असे मी म्हणणार नाही. म्हणून घरात बदल करावयाचा तर सर्वांच्या पानात बसेल असा करावा. पातळ वरणाऐवजी दाट वरण, आठवड्यातून चार वेळा उसळ, पालेभाजी दुप्पट, गोड सणावारी. ह्याला निराळी चूल लागत नाही, आणि परदेशी बियांएवढे पैसेही लागत नाहीत.

ज्यांना स्वतःपुरता शोध घ्यावयाचा आहे त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दूध बाधते असा संशय असेल तर दोन-तीन आठवडे दूधच सोडावे, त्याबरोबर गहू, वांगे आणि सिनेमा सोडू नये. काय खाल्ले व काय झाले हे जुन्या रोजनिशीत दोन ओळींत लिहावे. स्मरणशक्ती आपल्या मताच्या बाजूने साक्ष देते. आणि मग ती गोष्ट पुन्हा खाऊन पाहावी. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, पण डिकेच्या संशयाला बळ आले ते पाव परत आल्यावरच. मुक्या गोष्टींसाठी वर्षातून एकदा फीत, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ब-१२ पाहावे. इन्शुलिन अगर साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी लंघने आणि एकवेळचे जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय आरंभू नये. औषध तेवढेच आणि अन्न कमी झाले तर साखर एकाएकी खाली जाते, व ते जिवावर बेतू शकते. गरोदर स्त्रिया, वाढती मुले आणि मूत्रपिंडाचे रोगी ह्यांनी तर असे प्रयोग मुळीच करू नयेत.

आता, आहारावर कोठेही बोलले तरी जो प्रश्न हटकून येतो तो येथेही येणार म्हणून आधीच घेतो. रात्री भात खावा की खाऊ नये? ह्याचे उत्तर घड्याळात नसून भाताच्या राशीत आणि सोबतीत आहे. ज्यांच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र आहे त्यांनी दोन रात्री नेहमीप्रमाणे जेवून, पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर पाहावी. मग दोन रात्री कोशिंबीर, भाजी आणि उसळ आधी खाऊन, भात कमी करून शेवटी घ्यावा व तसेच मोजावे. आपल्या पंक्तीत आरंभीच वरणभात येतो, तेव्हा हा क्रम उलटा वाटेल. शेवटच्या ताकभाताच्या जागी त्याला बसविता येते. यंत्र नसणाऱ्यांना फीत आहेच. आणि कमी म्हणजे किती? एकदम निम्मा केला तर रात्री बारा वाजता डबे वाजू लागतात. नको असलेली सवय चौथ्या हिश्शाने सोडीत जावी अशी चरकाचीच सूचना आहे. चार मुदींच्या जागी तीन घ्या, महिनाभर जाऊ द्या, मग पुढचे पाहा. फक्त ती चौथी मूद शिजवावयासच नको असे तांदूळ धुण्याआधी सांगा. नाहीतर शेवटी ती कोणाच्या पानात पडते, ते मघाशी सांगितलेच आहे.